दोऱ्याच्या अलीकडे

१

गल्लीतल्या लोकांना दुसरा उद्योग नाही. दूध आणायला बाहेर पडलो की पहिला प्रश्न, डोळ्याला काय झालं हो? मी म्हणतो, ऑपरेशन झालं. तेवढ्यावर भागत नाही. मग, आणि मुलीच्या डोळ्याला? कारण माझ्या लेकीच्याही डाव्या डोळ्यावर तसलीच पांढरी पट्टी आहे. बाप-लेकीला एकदम कसं झालं, साथ आहे का, घरात काही उडालं का, आमच्या ओळखीत एक चांगला डॉक्टर आहे. शेजारचा वायरमन तर परवा भर रस्त्यात म्हणाला, तुमचं दोघा चाच्यांचं जहाज कुठे बांधून ठेवलंय? सगळे हसले.

रोज तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. ज्याला विचारायचंय त्यानं वाचावं आणि माझा पिच्छा सोडावा. शाळा मी फार केली नाही. अक्षर वाकडं आहे. भिंत मात्र जन्मात कधी वाकडी उभी केली नाही.

गवंडीकाम केलं मी. गवंड्याचं पोट एका डोळ्यावर चालतं, हे लोकांना माहीत नसतं. भिंत सरळ उठतेय का बघायला ओळंबा सोडतात. दोऱ्याच्या टोकाला वजन, बाकी काही नाही. दोरा झुलायचा थांबला की डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं दोरा नि भिंतीची कड जुळते का बघायचं. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर दोरा दोन-दोन दिसतो आणि माणूस चुकतो. माझ्या उस्तादानं हे मला टपल्या मारून शिकवलं. पुढे इतकी सवय लागली की हातात ओळंबा आला की डावा डोळा आपोआप मिटतो. मी मेल्यावर कोणी हातात दिला तरी मिटेल.

सवय चांगली होती. तिनंच घात केला.

२

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. आधी एक काढला, मग दुसरा. डोळ्यांचा डॉक्टर म्हणजे कालचं पोर, पण बोलणं असं की जणू मीच त्याच्या वर्गात उशिरा आलोय. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही, सिमेंटला तर शिवायचंच नाही. मग करायचं काय? खिडकीत बसा आणि लांबचं बघा, म्हणाला. फी घेऊन हा सल्ला.

घर मी स्वतः बांधलंय. वरच्या मजल्यावर शेजारी-शेजारी दोन खोल्या, दोन्हींना मागच्या अंगाला मोठ्या खिडक्या. खिडकीकडे तोंड केलं तर डावीकडची खोली माझी, उजवीकडची ठकीची. ठकी म्हणजे माझी मुलगी. खरं नाव तिच्या ऑफिसच्या हजेरीपटात असेल, घरात ठकीच. खिडकीखाली आमची कपडे वाळत घालायची दोरी, मग कुंपण, मग मोकळं मैदान, आणि मैदानापलीकडे पाण्याची उंच टाकी. लांबचं बघा म्हणजे टाकी बघा. दुसरं काही नाहीच.

ठकी डोंगरावरच्या वेधशाळेत कामाला आहे. रात्री दुर्बीण, सकाळी घर, दिवसभर झोप. म्हणजे दिवसभर मी माझ्याच घरात चोरासारखं वावरायचं. रेडिओ लावायचा नाही. भांडं आपटायचं नाही. खोकला आला तर जिन्यात जायचं. एवढं करून बाईसाहेब उठल्या की तक्रार तयार. एवढी मोठी खिडकी तुम्हाला कुणी बांधायला सांगितली होती बाबा, डोळ्यांवर ऊन येतं. ती चादर लावायची, चादर पडायची. पुठ्ठा लावायची, पुठ्ठा पडायचा. खिडकी तिच्या आईच्या हट्टापायी बांधली होती. आई गेली, खिडकी राहिली, आणि बोलणी माझ्या वाट्याला.

त्यात तो धोंडा आला.

३

लघुग्रह म्हणतात त्याला. मी धोंडाच म्हणायचो. त्याला धड नावही नाही, मोटारीच्या नंबरासारखी अक्षरं आणि आकडे. तो पृथ्वीच्या जवळून जाणार म्हणून ठकीचं खाण्यापिण्यावरचं लक्ष उडालं होतं. जवळून म्हणजे किती, असं मी विचारलं. चंद्राच्या अलीकडून, म्हणाली. पडणार आहे का? नाही म्हणाली. मग जाऊ दे की त्याला बिचाऱ्याला, तुम्ही सगळे कशाला हात धुऊन मागे लागलात? तर तिनं मला कोपरापासून हात जोडले.

एका संध्याकाळी मात्र खुशीत होती. कामावर जायच्या आधी चहा घेऊन माझ्या खिडकीत येऊन बसली आणि म्हणाली, हात लांब करा, अंगठा वर करून टाकीसमोर धरा. आता एक डोळा मिटा. आता तो उघडा आणि दुसरा मिटा.

अंगठा टाकीच्या एका कडेवरून टुणकन दुसऱ्या कडेला गेला.

या वयात मला हे नवं होतं. दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीनं बघायची वेळ कधी आली होती? डावा नेहमी मिटलेला. ठकीनं समजावलं. दोन डोळे दोन जागी, म्हणून जवळची वस्तू मागच्या देखाव्यावर उडी मारताना दिसते. जितकी जवळ, तितकी उडी मोठी. टाकी लांब आहे म्हणून ती उडत नाही. आम्हीही हेच करतो, म्हणाली. आमची दुर्बीण हा एक डोळा. समुद्रापलीकडे एक बाई आहे, तिची दुर्बीण हा दुसरा. दोघी एकाच क्षणी धोंड्याचा फोटो काढतात. तिच्या फोटोत तो एका ताऱ्याला चिकटून, हिच्या फोटोत जरा बाजूला. त्या जरा-वरून अंतर काढायचं. दोन जागा जेवढ्या एकमेकींपासून लांब, तेवढं माप पक्कं. काही ठिकाणी रेडिओच्या लहरी धोंड्यावर सोडतात आणि त्या आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतात, विहिरीत हाक मारावी तसं.

"आणि केवढा आहे तो?"

"अंतर कळल्याशिवाय तेच तर सांगता येत नाही, बाबा. नुसता ठिपका दिसतो. लांबचा मोठा असेल, नाहीतर जवळचा बारका. दिसायला दोन्ही सारखेच."

मी म्हटलं, समजा एखादा आपल्या अंगावरच येत असला, तर ते कसं ओळखायचं? तिनं कपातला शेवटचा घोट घेतला.

"जो बाजूला सरकत जातो, तो बाजूनं निघून जाणार असतो. जो जागचा हलत नाही, त्याची भीती."

एवढं बोलून ती डबा घेऊन कामावर गेली. मला रिकामटेकड्याला खेळणं मिळालं.

४

दुसऱ्या दिवसापासून मी दिसेल त्याला उडवायला लागलो. दोरीवरचे कपडे उडायचे ते चांगले. कुंपणाचा खांब जरासा. मैदानातली गुरं केसभर, ती सुद्धा मी फार वेळ बघत बसलो तर. टाकी ठाम. खरं सांगायचं तर मजा येत होती.

टाकीच्या माथ्यावर गोल कठडा आहे. एके दिवशी दुपारी तिथे एक माणूस उभा होता. नखाएवढा दिसत होता, म्हणजे तेवढ्या लांबून माणूस जेवढा दिसावा तेवढाच. कपडे मळके, हात अंगालगत. टाकीवाला असेल, रंगारी असेल, मला काय त्याचं. मी सहज एक डोळा मिटला, दुसरा उघडला.

माणूस उडाला.

फार नाही. कुंपणाचा खांब उडतो तेवढाच. पण टाकी हलली नाही, कठडा हलला नाही, आणि कठड्याला लागून उभा असलेला माणूस मात्र कुंपणाएवढा उडाला. मी पुन्हा केलं. डोळे पुसले, पाणी मारलं (डॉक्टरनं नको म्हणून सांगितलं होतं, खड्ड्यात गेला डॉक्टर), पुन्हा केलं. तेच.

मग मी त्याच्याकडे नीट बघत बसलो. आयुष्यभर माणसं परांचीवर उभी राहिलेली बघितलीत मी. माणूस उभा राहतो म्हणजे एका पायावर भार देतो, रेलतो, पाठ खाजवतो, बिडी काढतो. हा ओळंबा सोडल्यासारखा उभा. मधेच वारा सुटला. मैदानातले कागद उडाले, आमच्या दोरीवरची चादर फडफडली. त्याच्या कपड्याची सुरकुती हलली नाही.

संध्याकाळी ठकी उठली तेव्हा मी तिला दाखवला. तिनं केस बांधता बांधता बघितलं आणि म्हणाली, आहे की कोणीतरी, रंगवत असतील. डोळा मिटून बघ म्हटलं, तर म्हणाली, बाबा, रात्रभर मी तेच करते, दिवसा तरी सोडा मला.

म्हणजे तिलाही तो दिसला. एवढं मी लक्षात ठेवलं.

५

मी भुताखेतावर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पडक्या घरांत, स्मशानाशेजारी, कुठे कुठे झोपलोय कामावर असताना. विंचवाशिवाय काही भेटलं नाही. त्यामुळे मी आधी डोळ्यांवर संशय घेतला. डॉक्टरकडे गेलो. त्यानं यंत्रात हनुवटी ठेवायला लावली, उजेड मारला आणि म्हणाला, उत्तम. इतकी वर्षं एक डोळा दुसऱ्याचं काम करत होता, आता दोघं मिळून बघायला शिकतायत, थोडी गडबड होणारच. मी विचारलं, गडबड फक्त एकाच माणसाच्या बाबतीत होते का? तो घड्याळ बघायला लागला.

मग वायरमनला वर बोलावला. त्यानं खिडकीतून बघितलं आणि म्हणाला, असेल कोणी सरकारी, उभं राहायचाच पगार मिळत असेल. डोळा मीट म्हटलं तर म्हणाला, काका, तुमच्या वयाला बाईमाणसाकडे बघून डोळा मारायचा असतो, हा तर बाप्या दिसतोय. असल्या माणसाशी काय बोलणार.

शेवटी तंगडतोड करत टाकीपर्यंत गेलो. खाली पंपवाला खुर्ची टाकून बसला होता. वर कोण आहे विचारलं तर म्हणाला, कोणी नाही. शिडीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या कमरेला आहे. मी म्हटलं, रोज दिसतो. तो म्हणाला, मला तर रोज बायको दिसते, म्हणून काय ती टाकीवर असते? तरी बिचारा उठला, लांब मागे जाऊन माझ्याबरोबर वर बघितलं. कठडा रिकामा होता. चारी बाजूंनी फिरून बघितलं, रिकामाच.

तिथून मी आमच्या घराकडे बघितलं. माझी खिडकी उघडी, ठकीच्या खिडकीत अर्धवट पडलेला पुठ्ठा. का कोण जाणे, दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीनं बघायचं धाडस झालं नाही. खाली बघत, रस्त्यातली खडी बघत घरी आलो.

वर येऊन खिडकीत बसलो. तो कठड्याशी उभा होता.

६

मोठा झाला असता तर बरं झालं असतं. जवळ येणारी वस्तू मोठी दिसायला पाहिजे. हा नखाएवढा होता तो नखाएवढाच राहिला. उडी मात्र वाढत गेली. कुंपणाची झाली, मग कुंपणाहून जास्त. मग एका दुपारी कपड्यांच्या दोरीएवढी. दोरीवर माझा सदरा होता. सदरा जेवढा उडाला तेवढाच तो उडाला. म्हणजे तो आता टाकीवर नाही, दोरीएवढ्या अंतरावर होता आणि तरीही नखाएवढा. ठकीचं बोलणं आठवलं. लांबचा मोठा असेल, नाहीतर जवळचा बारका. तरी मी स्वतःला म्हटलं, म्हाताऱ्या, डोळे नवीन आहेत, दम धर.

मग दुसरीच गोष्ट ध्यानात आली. तो टाकीवरून सरकत होता. पहिल्या दिवशी कठड्याच्या मध्यावर होता. मग उजव्या टोकाला. त्या दिवशी तर टाकी सोडून उजवीकडे आला होता. पायाखाली काही नाही. टाकीच्या बाजूला नुसत्या आभाळात, कठड्याच्याच उंचीवर, हात अंगालगत ठेवून सरळ उभा. आणि मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. सरकतोय म्हणजे बाजूनं जाणार.

पाणी प्यायला उठलो आणि जाता जाता ठकीच्या खोलीत डोकावलो. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पुठ्ठा नेहमीसारखा पडला होता. मी तिच्या खाटेपाशी उभं राहून खिडकीबाहेर बघितलं.

तो टाकीवर होता. कठड्याच्या बरोबर मध्यावर, पहिल्या दिवशी होता तिथेच. केसभर सुद्धा सरकला नव्हता.

माझ्या खोलीत परत आलो. आभाळात. तिच्या खोलीत गेलो. टाकीच्या मध्यावर. या दोन खोल्यांत मी किती येरझारा घातल्या असतील देव जाणे. दोन जागांवरून माप पक्कं होतं म्हणाली होती ना? झालं पक्कं. माझ्या खिडकीच्या हिशेबात तो बाजूनं जात होता. तिच्या खिडकीत तो जागचा हलत नव्हता.

ती उठल्यावर मी तिला म्हटलं, आजपासून तू माझ्या खोलीत झोप. का? मी म्हणतो म्हणून. तिनं आधी समजुतीनं घेतलं, मग आवाज चढवला. धोंडा दोन दिवसांवर आलाय, डोळ्याला डोळा नाही, आणि तुम्हाला खाटा हलवायच्यात. मी टाकीवरच्या माणसाचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, बाबा, मी तुम्हाला ते अंगठ्याचं शिकवायलाच नको होतं. मग पिशवी भरली. धोंडा जाईपर्यंत डोंगरावरच राहणार होती. जिन्यातून ओरडून सांगितलं, ड्रॉप टाका, आणि त्या खिडकीपासून लांब बसा.

डोक्यात तिडीक गेली माझ्या. पण ती म्हणाली त्यात एक गोष्ट बरोबर होती. खिडकी हीच भानगड होती. आणि मी गवंडी होतो.

७

जिन्याखाली घराच्या उरलेल्या विटा होत्या. सिमेंट आणलं. वायरमननं विचारलं, आता काय ताजमहाल का? मी म्हटलं, पोरीला उन्हाचा त्रास होतो. खोटं नव्हतं.

तिची खाट दाराकडच्या भिंतीला सरकवली. खिडकीच्या वरच्या कडेला खिळा ठोकला आणि खोलीच्या आतून ओळंबा सोडला. झुलायचा थांबला तशी सवयीनं मागे सरकलो, खाटेला पाय टेकेपर्यंत, डावा डोळा मिटला. दोरा, त्यामागे खिडकी, खिडकीत टाकी, आणि टाकीच्या मध्यावर तो. सगळं एका रेषेत. एका डोळ्यानं बघितलं तर तो लांब टाकीवर उभा असलेला नखाएवढा माणूस होता, त्यात भिण्यासारखं काहीच नव्हतं. तुला आता चांगला लिंपून टाकतो, असं मी त्याला तोंडानं म्हटलं सुद्धा.

तेव्हाच दुसरा डोळा उघडला असता तर. पण हातात काम आलं होतं. काम चालू असताना माझा डावा डोळा उघडत नाही.

विटा लावायला लागलो. डॉक्टरनं जे जे नको म्हणून सांगितलं ते ते सगळं केलं. पाठ मोडली, पण भिंत अशी उठली की दोऱ्याला कुठे शिवली नाही आणि कुठे सुटली नाही. वरच्या शेवटच्या थरात एका विटेची जागा राहिली. स्टुलावर चढून त्या भोकातून बाहेर बघितलं.

टाकी रिकामी होती.

कठडा रिकामा, आभाळ रिकामं. मी बराच वेळ बघितलं. कोणी नाही. गेला, मला वाटलं. मागे वळून बघायचं काही कारण नव्हतं, म्हणून वळलो नाही. शेवटची वीट बसवली, गिलावा केला, वरून लाकडी रंधा फिरवून सारखा केला. खाली उतरलो तेव्हा खोलीत काळोख झाला होता. खाली बघत, भिंतीला हात लावत बाहेर आलो. ओळंबा तसाच लटकत राहिला, काढायचं भान राहिलं नाही.

८

ठकी सकाळी आली ती हवेत होती. धोंडा गेला. चंद्राच्या अलीकडून, हिशेब केला होता अगदी तसा. समुद्रापलीकडच्या बाईचं माप आणि हिचं माप जुळलं. केसाएवढ्या चुकीसाठी भांडणारी माणसं रडली म्हणे आनंदानं. मला मिठी मारली, आणि मग तिला बुजवलेली खिडकी दिसली.

मी तयार होतो. ओरडेल, रडेल, आईचं नाव काढेल. ती दारात उभी राहिली, बोटानं गिलावा चाचपला आणि म्हणाली, बाबा, तुम्ही वेडे आहात. मग म्हणाली, पण काय सुंदर अंधार आहे हो. कपडे सुद्धा न बदलता आडवी झाली आणि झोपली. मी दार लोटलं, चहा केला आणि कितीतरी दिवसांनी निवांत बसलो.

दुपारी ओळंबा आठवला. पितळी आहे, उस्तादाचा. काढून आणावा म्हणून हळूच दार उघडलं. बोळातल्या उजेडाची एक पट्टी समोरच्या नव्या भिंतीवर पडली. दोरा दिसला, आणि माझा डावा डोळा मिटला.

भिंतीवर डाग होता. ओला गिलावा कुठे कुठे काळा दिसतो, तसा वाटला. नखाएवढा, उभा. खिडकीतून टाकीचा मध्य जिथे दिसायचा, तिथे. हात अंगालगत.

खाटेपाशी उभा होतो. तसाच तिच्या कडेवर टेकलो. डावा डोळा उघडायचा नाही, उघडायचा नाही, असं म्हणत म्हणत मी तो उघडला, आणि उजवा मिटला.

भिंत हलली नाही. दोरा बोटभर सरकला. तो दोऱ्याच्या दुप्पट उडाला.

माझ्या बसण्यानं ठकीची झोप मोडली. "आता काय बाबा?"

"ठके, एक डोळा मीट."

ती कण्हली. पण रात्र चांगली गेली होती, मनात राग नव्हता. कोपरावर उठली, समोर बघितलं, एक डोळा मिटला, मग दुसरा. थांबली. पुन्हा केलं. मग डोकं उशीच्या या टोकाला नेऊन बघितलं, त्या टोकाला नेऊन बघितलं. जागा लांब असल्या की माप पक्कं होतं. तिच्या कामाची पद्धतच आहे ती, एका मापावर विश्वास ठेवत नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटली, आकडा असावा.

मग तिचा हात चाचपडत आला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"बाबा, डावा डोळा मिटा. आणि उघडू नका."

९

मिटलेला डोळा चुकून उघडतो, म्हणून पट्ट्या. एवढंच आहे ते. साथ नाही, घरात काही उडालं नाही. एका डोळ्यानं बघितलं की तो भिंतीवर काढलेल्या चित्रासारखा दिसतो आणि माणूस दोन घास खाऊ शकतो.

भिंत पाडा असं वायरमन सांगतो, हवा कोंडते म्हणे. पाडून काय उपयोग? ती ज्याला बाहेर ठेवायला बांधली, तो बाहेर नव्हताच. घर सोडून माझ्या बहिणीकडेही राहून आलो. तिथे ठकीच्या खाटेसमोर कपाट आहे. कपाटावर होता. परत आलो. आपल्या घराच्या आत तरी विचारणारं कोणी नाही.

ठकी डोंगरावर जात नाही आता. समुद्रापलीकडच्या बाईचे फोन येतात, ती घेत नाही. मी मोजत नाही, तुम्हीही मोजू नका, असं तिनं मला बजावलंय. मी मोजत नाही. तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो, ती झोपते.

काल दुपारी दार जरा उघडं राहिलं आणि बोळातला उजेड थेट तिच्या तोंडावर आला. ऊन तिला चालत नाही, लहानपणापासून. मी तिच्या उशीशी वाकलो आणि तिच्या पट्टी नसलेल्या डोळ्यासमोर, अगदी पापणीला लागेल इतका जवळ, हात आडवा धरला. तिच्या जागेवरून दिसतं तरी काय, म्हणून माझंही डोकं उशीला टेकवलं.

माझ्या तळव्यानं भिंत झाकली गेली. दोरा झाकला गेला. तो झाकला गेला नाही.